चढाईच्या थांब्यावर जलरंग

शाळकरी मुलाला डोंगर काढायला सांगा. वहीवर दोन त्रिकोण उमटतील, त्यांच्या बेचक्यात अर्धा सूर्य, खालून वळणे घेत येणारी नदी, काठावर एक झोपडी आणि एक नारळाचे झाड. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हेच चित्र निघत आले आहे. गंमत अशी की, असा अणकुचीदार त्रिकोणी डोंगर महाराष्ट्रात क्वचितच सापडतो. आपले बहुतेक डोंगर माथ्याला सपाट. वर पठार, त्याखाली उभा कडा, कड्याच्या पायाशी गवताळ टप्पा, मग पुन्हा कडा, अशी त्यांची ठेवण. त्र्यंबकच्या किंवा जुन्नरच्या शाळेच्या खिडकीतून हे सपाट माथे दिवसभर दिसत असतात आणि चित्रकलेच्या तासाला वहीत मात्र हिमालयाची शेंडी येते. यात मुलांचा दोष थोडा आणि सवयीचा जास्त. आपल्याकडे एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे लाखो मुलांच्या हातात रंगपेटी आली, हे मोठेच काम झाले. पण त्या परीक्षेतले स्मरणचित्र बंद खोलीत बसून काढायचे असते, आणि स्मरणात जे साठलेले असते ते बहुधा डोंगरावरून आलेले नसते, कॅलेंडरावरून आलेले असते. मोठेपणी हीच मुले गिर्यारोहणाला जातात, खडकाला हात लावतात, त्यावर आपले वजन टाकतात, आणि तरीही परत आल्यावर त्यांना विचारले की त्या डोंगराची बांधणी कशी होती, तर उत्तर त्रिकोणाच्या पलीकडे फारसे जात नाही.

ही पुस्तिका त्या त्रिकोणाविरुद्ध आहे. चढाईला जाताना पाठपिशवीत जलरंगांची छोटी पेटी न्यावी, एवढेच तिचे सांगणे. परंतु ती का न्यावी याचे जे कारण सहसा दिले जाते ते मला पुरेसे वाटत नाही. निसर्गाचा आनंद घ्यावा, मनाला विसावा मिळावा, आठवण राहावी, ही कारणे खोटी नाहीत, पण त्यांच्यासाठी रंगपेटीच लागते असेही नाही. डोळे मिटून झाडाखाली बसले तरी विसावा मिळतो. माझे म्हणणे याहून थोडे कोरडे आहे. डोंगर कशाचा बनला आहे, तो कुठे घट्ट आणि कुठे ठिसूळ आहे, पाणी कुठून झिरपते, ऊन कोणत्या अंगाला किती वेळ राहते, हे चढणाऱ्याला कळावे लागते. आणि हे कळून घेण्याच्या ज्या जुन्या रीती आहेत त्यांत जागेवर बसून केलेले जलरंगाचे टिपण ही एक फार चांगली रीत आहे. चित्र चांगले झाले तर उत्तम. वाईट झाले तरी बघणे झालेले असते, आणि ते पुढच्या टप्प्यावर उपयोगी पडते.

पुस्तिकेचा पत्ता मिहानचा आहे, यावर पहिला आक्षेप येणार हे उघड आहे. नागपूरच्या दक्षिणेला, विमानतळाला लागून असलेला हा सपाट पट्टा. खापरीचे मेट्रो स्थानक, कंपन्यांच्या काचेच्या इमारती, एम्स, आयआयएम आणि त्यांच्यामध्ये अजून शिल्लक असलेली काळी माती. इथून डोंगर दिसत नाही, मग डोंगराच्या चित्रांची गोष्ट इथे कशाला? सह्याद्रीच्या कुशीतल्या पुण्या-नाशिकच्या लोकांनी ती करावी! या आक्षेपाला भूगोलापेक्षा भूशास्त्र चांगले उत्तर देते. दख्खनच्या पठाराचा जो काळा पाषाण मुंबईपासून सुरू होतो तो पूर्वेकडे येता येता नागपूरच्या आसपास संपतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांची ही पूर्वेकडची कड. सीताबर्डीची टेकडी आणि सेमिनरी हिल्स या थरांच्या. शहर ओलांडून पूर्वेला निघाले की त्याहून कितीतरी जुने खडक पायाखाली येतात. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने, ज्याच्या नावाचे कॉलेज नागपुरात आजही आहे, आपला सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह या परिसराच्या भूशास्त्रावर १८५५ साली निबंध प्रसिद्ध केला. टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेले जीवाश्म त्याने जगापुढे आणले. पुढे १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्याचा अंत झाला. टाकळघाट बुटीबोरीकडे, म्हणजे मिहानवरून वर्धा रोडने पुढे गेल्यावर लागते. खडकाकडे टक लावून पाहणाऱ्या माणसाची ही भूमी आहे. ती सपाट आहे म्हणून तिथे पाहण्यासारखे काही नाही, असे म्हणणारा बहुधा फक्त क्षितिजाची रेघ पाहत असतो.

शिवाय मिहानहून शुक्रवारी रात्री निघणाऱ्याला तीन निरनिराळ्या जातींचे खडक आवाक्यात आहेत, आणि ही सोय पुण्याच्या माणसाला नाही. पश्चिमेला मेळघाटात चिखलदरा आणि गाविलगड : काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. उत्तरेला पचमढी : वाळूचा दगड. आणि अगदी जवळ, ईशान्येला रामटेकची टेकडी : उष्णता आणि दाबाने मूळचे रूप पालटलेला, फार प्राचीन खडक. तिन्हींची घडण वेगळी, झीज वेगळी, म्हणून आकार वेगळे आणि रंगही वेगळे. पुण्याचा हौशी चित्रकार आयुष्यभर बेसाल्टच रंगवू शकतो, आणि तो अप्रतिम रंगवतोही. पण तुलना केल्याशिवाय बांधणी म्हणजे काय हे लवकर ध्यानात येत नाही. भाताच्या जाती ओळखायच्या तर एकच भात रोज खाऊन भागत नाही.

आता जलरंगच का, पेन्सिल का नाही? भूशास्त्राचे विद्यार्थी क्षेत्रभेटीला जातात तेव्हा वहीत पेन्सिलीने रेखाटने करतात, आणि फोन हातात असतानाही त्यांना ती करायला लावतात. रेषा बांधणी दाखवते, हे खरेच. परंतु डोंगरावरची निम्मी माहिती रेषेत नसते, छटेत असते. दख्खनच्या कड्याकडे पाहा. ‘ट्रॅप’ हे नाव स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आले. लाव्हाच्या एका थराचा आतला भाग घट्ट असतो, तो उभा कडा होऊन उरतो. त्याच थराचा वरचा भाग वायूंच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तो लवकर झिजतो आणि त्याचा टप्पा होतो, त्यावर गवत धरते. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, कारण दोन उद्रेकांमधल्या काळात जुना पृष्ठभाग हवेपाण्याने कुजलेला असतो. हा पट्टा मऊ. पावसाचे पाणी वरच्या भेगांतून उतरून बऱ्याचदा इथेच बाहेर पडते. पेन्सिलीच्या चित्रात तो फक्त आणखी एक आडवी रेघ होतो. रंगात मात्र तो गेरूसारखा उठून दिसतो, त्याच्या खालचा ओला काळपट ओघळ दिसतो, ओघळाच्या कडेचे शेवाळ दिसते. आणि कड्यावरचा जो तुकडा अलीकडे तुटून पडला आहे, त्या जागेचा रंग आसपासच्या काळवंडलेल्या खडकाहून निराळा असतो. ज्याला त्याच्या खालून जायचे आहे त्याच्यासाठी हा निराळेपणा सौंदर्यदृष्टीचा विषय राहत नाही.

जलरंगाचा स्वतःचा एक हट्टही इथे कामी येतो. तेलरंगात चूक झाली तर वरून लेप देता येतो; जलरंगात पांढरा रंग बहुतेक जण वापरतच नाहीत, कागदाचा पांढरेपणा हाच त्यांचा उजेड. म्हणजे कागद कुठे कोरडा सोडायचा हे ब्रश बुडवण्याआधी ठरवावे लागते. आधी फिके, मग गडद. आधी मोठे वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे सलग हात, मग बारकावे. खालचा थर वाळल्याशिवाय वरचा नाही. हा क्रम मोडला की चिखल होतो, आणि चिखल परत निवळत नाही. कडा चढणाराही पायथ्याशी उभा राहून हेच करतो : कुठला भाग सोडायचा, कुठून सुरुवात करायची, कुठल्या टप्प्यावर थांबता येईल, आणि एकदा निघाल्यावर कुठून माघार घेता येणार नाही. साम्य फार ताणू नये. कागद बिघडला तर सव्वाशे रुपयेही जात नाहीत, कड्यावर काय जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण आधी पूर्ण बघायचे, क्रम मनात लावायचा आणि मगच हात उचलायचा, ही शिस्त स्वस्तात शिकण्याची सोय म्हणून जलरंगाइतके सोयीचे दुसरे माध्यम माझ्या माहितीत नाही.

हे सगळे नुसते तर्कट नाही, याला गिर्यारोहणाच्या इतिहासात आधार आहे. मॅटरहॉर्नवर १४ जुलै १८६५ रोजी पहिल्यांदा पोचलेला एडवर्ड व्हिम्पर हा मूळचा लाकडी ठसे कोरणारा चित्रकार. १८६० मध्ये एका लंडनच्या प्रकाशकाने त्याला आल्प्सची रेखाटने करायला पाठवले, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि चढाईशी त्याचा काही संबंध नव्हता. चित्रे काढता काढता तो कडे वाचायला शिकला. एडवर्ड कॉम्प्टन हा त्याच्यानंतरचा. जलरंग आणि तेलरंगात आल्प्स रंगवणारा हा चित्रकार स्वतः पहिल्या प्रतीचा गिर्यारोहक होता आणि सत्तरीत ग्रोसग्लॉकनर चढून गेला. त्याच्या चित्रांतला खडक चढणाऱ्याला पटतो, कारण त्यातली भेग ही भेगच असते, शोभेची काळी रेघ नसते. सगळ्यांत बोलके उदाहरण एव्हरेस्टचे. १९२४ च्या मोहिमेत एडवर्ड नॉर्टन कृत्रिम प्राणवायूशिवाय ८,५७३ मीटरपर्यंत पोचला. त्या दिवशी त्याच्याबरोबर हॉवर्ड सॉमरव्हेल होता. हे दोघेही रंगवणारे. नॉर्टनच्या वह्यांत जलरंगांची टिपणे आहेत, आणि पुढे अनेक वर्षे त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन रुग्णालयात शस्त्रक्रिया करणाऱ्या सॉमरव्हेलने हिमालय आणि तिबेट आयुष्यभर रंगवले.

१९२२ च्या मोहिमेच्या ग्रंथात सॉमरव्हेलचे तिबेटातल्या रंगांविषयी स्वतंत्र लेखन आहे, आणि त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. आपल्याकडे दूरचा डोंगर निळा दिसतो, कारण मधल्या हवेतले कण आणि बाष्प निळा उजेड विखरतात. त्या निळाईवरून अंतराचा अंदाज येतो. दुरून डोंगर साजरे ही म्हण एका अर्थी हवेचीच म्हण आहे. तिबेटच्या विरळ, कोरड्या हवेत ती निळाई जवळजवळ नाहीशी होते, दूरच्या कडाही रेखीव दिसतात, आणि अंतर फसवते. रंग कालवणाऱ्याला हे लगेच कळते, कारण त्याच्या पेटीतला नेहमीचा निळा तिथे चालत नाही. आता विदर्भाचा विचार करा. पाऊस नुकताच उघडल्यावर ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेत चिखलदऱ्याजवळच्या वैराटच्या माथ्यावरून समोरचा डोंगर हाताशी आल्यासारखा वाटतो. जानेवारीच्या सकाळी धुक्याधुरात तोच दोन मैल मागे सरकलेला असतो. ज्याने दोन्ही ऋतूंत त्याच जागेवरून रंगवले आहे तो अंतराच्या बाबतीत एवढ्या सहजपणे फसणार नाही. वैराट समुद्रसपाटीपासून ११७८ मीटर, एव्हरेस्टपुढे ती टेकडीच. पण दृष्टीचा धडा उंचीवर अवलंबून नाही.

यावर कॅमेऱ्याचा आक्षेप येतो, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. फोन एका क्षणात सगळे टिपतो, ओघळ, भेगा, तांबडा पट्टा, वर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवतो. मग वीस मिनिटे घालवून अर्धवट चित्र कशाला? फोटो अवश्य घ्यावा. मार्गाच्या नोंदीला त्याला पर्याय नाही. पण फोटो टिपतो तेव्हा आपण निवड केलेली नसते, आणि निवड केल्याशिवाय बघणे पुरे होत नाही. हा काही नव्या फोनविरुद्ध जुन्या माणसाचा रुसवा नव्हे. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४० च्या दशकातच डॅगेरोटाइपचे यंत्र वापरले होते, आल्प्सच्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांत त्याची छायाचित्रे मोडतात. तरीही तो आयुष्यभर दगड हातानेच काढत राहिला, आणि चित्रकला शिकवताना त्याचा हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता, बघणारे घडवण्याचा होता. याच रस्किनने गिर्यारोहकांना फैलावर घेतले होते, तुम्ही पर्वताला जत्रेतला तेल लावलेला खांब समजता, अशा आशयाने. काही वर्षांनी तोच आल्पाइन क्लबचा सदस्य झाला, हा भाग वेगळा.

आणि या आक्षेपाला खुद्द एका छायाचित्रकाराने दिलेले उत्तर तर नागपूरच्या ओळखीच्या माणसाला मिळाले आहे. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या जंगलात जन्मले, १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मग मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. त्यांची सुरुवातीची कीर्ती जलरंगांतल्या निसर्गदृश्यांची. मुंबईत त्या चित्रांची कदर करणाऱ्यांत रुडॉल्फ फॉन लायडन हे समीक्षक होते, आणि ते शिक्षणाने भूशास्त्रज्ञ होते, हा योगायोग मला फार आवडतो. १९४८ मध्ये रझा काश्मीरला गेले. तिथे त्यांची चित्रे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी पाहिली आणि सांगितले की हात चांगला आहे, पण चित्रांत बांधणी नाही, सेझान अभ्यासा. जगातल्या सर्वांत तल्लख छायाचित्रकारांपैकी एक, समोर काश्मीरचे डोंगर, आणि तो जलरंगकाराला कॅमेरा घे म्हणत नाही, बांधणी बघ म्हणतो. सेझानचे नाव घेण्यातही अर्थ होता. सेंत-व्हिक्तुआर हा एकच चुनखडीचा डोंगर या फ्रेंच चित्रकाराने कित्येकदा रंगवला, त्याच्या उतारवयातल्या जलरंगांत तर निम्मा कागद कोराच असतो, आणि तरी डोंगर जमिनीत रुतून बसलेला दिसतो. त्याचा तरुणपणचा मित्र फोर्च्युने मारिऑन हा भूशास्त्राचा अभ्यासक होता. सेझानच्या वहीत मारिऑनने काढलेल्या भूस्तरांच्या आकृत्या आहेत. डोंगराच्या आत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला बाहेरचे कमी काढून भागते. पुढे रझांनी निसर्गदृश्य सोडले आणि बिंदूकडे गेले. बांधणीचा तो धडा मात्र त्यांच्या चित्रांतून गेला नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाकडून येतो आणि तो टाळून चालणार नाही. डोंगराची जलरंगचित्रे ही साहेबाची हौस, आणि ती निरागस नव्हती. वुलिचच्या लष्करी अकादमीत १७६८ पासून पॉल सँडबीसारखा नामांकित जलरंगकार चित्रकला शिकवत होता, कारण तोफखान्याच्या अधिकाऱ्याला समोरचा किल्ला, दरी, चढाव कागदावर नेमका उतरवता यायला हवा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या ॲडिसकोमच्या शाळेतही भावी अधिकाऱ्यांना चित्रकलेचे धडे होते. म्हणजे आज ज्याला आपण निसर्गचित्र म्हणतो त्याचा एक पूर्वज हेरगिरीचा नकाशा आहे. नागपूरकर भोसल्यांचा गाविलगड आर्थर वेलस्लीच्या फौजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी घेतला. उत्तरेकडच्या पठाराच्या बाजूने तोफा लावून बाहेरचा तट फोडला, पण आतल्या किल्ल्याआड दरी होती. तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने उतारावरून वाट काढून तटाला शिड्या लावल्या. किल्ल्याची ताकद खडकात होती आणि तो पडला तो खडकातली वाट शोधणाऱ्या नजरेमुळे. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच माझा निष्कर्ष उलटा निघतो. डोंगर नेमका बघण्याची विद्या एवढी उपयोगाची आहे की साम्राज्याने ती पगार देऊन शिकवली. मग ती आपण शोभेची म्हणून सोडून का द्यावी? आपल्याकडे ती लगेच उचललीही गेली होती. पुण्यात १७९० च्या दशकात गंगाराम तांबट हे ब्रिटिश चित्रकार जेम्स वेल्सच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार वेरूळच्या लेण्यांची मापून-मोजून चित्रे करत होते. त्यांची कामे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, ही आपली नेहमीची कथा. शतकभराने आबालाल रहिमान मुंबई सोडून कोल्हापुरात परतले आणि कोटितीर्थाच्या परिसरात, कुणी विकत घेईल की नाही याची फिकीर न करता, तोच पाण्याकाठ निरनिराळ्या उजेडात रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांत साहेबाची नजर शोधू जाणाऱ्याने जरूर शोधावी.

आणि विदर्भापुरते बोलायचे तर डोंगर चढण्याची आपली परंपरा कुणा क्लबातून आलेलीच नाही. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ खांद्यावर घेऊन जाणारे आणि श्रावणात नागद्वारीला लोखंडी शिड्या, ओढे, घसरडे उतार पार करणारे हजारो लोक नागपूर, अमरावती, वर्धा या भागांतून पचमढीला जात आले आहेत. त्यांना ट्रेक हा शब्द लागत नाही. ही यात्रा ज्या खडकावरून जाते तो वाळूचा दगड रंगवणाऱ्याला बेसाल्टहून अगदी वेगळे काही शिकवतो. इथे पायऱ्या नाहीत, घुमट आहेत; कडा तुटक नाहीत, वितळल्यासारख्या गोलाव्यांनी वळतात; रंग पिवळ्या मातीपासून गंजलेल्या लोखंडापर्यंत. बेसाल्टची करडी छटा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून मिळते, इथे यलो ऑकर आणि लाइट रेड हवेत. मजा म्हणजे ऑकर आणि सिएना हे मातीचेच रंग, त्यांचा रंग लोहाच्या संयुगांचा. पचमढीचा दगड तांबूस दिसतो तोही लोहामुळेच. पेटीत आणि समोर एकच द्रव्य! हे ज्यांच्या आधी लक्षात आले त्यांची चित्रे पचमढीच्या शैलाश्रयांत गेरूने काढलेली आहेत. तिथल्या डोरोथी डीप या शैलाश्रयात १९३० च्या दशकात जी. आर. हंटर यांनी उत्खनन केले आणि त्याचे वृत्त नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात छापले. डोंगरात बसून पाण्यात माती कालवून चित्र काढणे ही कल्पना इंग्रजी आहे, असे म्हणणाऱ्याने एकदा त्या छताखाली उभे राहावे. चढणाऱ्यासाठी इथला रंग आणखी एक गोष्ट सांगतो : वाळूचा दगड भिजला की कमजोर होतो, वरून वाळल्यासारखा वाटला तरी आत ओल राहते, आणि ओल्या-कोरड्याची सीमा रंगातच दिसते. ज्याने सकाळी त्या दोन छटा कालवून पाहिल्या आहेत तो दुपारी ओल्या कपारीवर भार टाकण्यापूर्वी थांबेल, एवढी अपेक्षा करायला हरकत नाही.

वेळेचा आणि सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मी बराचसा मान्य करतो. दोरावर असताना, दुसऱ्याला बिले देताना म्हणजे त्याचा दोर सांभाळताना, किंवा ज्या अरुंद कपारीवर एकाचा पाय सरकला तर सगळे जातील तिथे रंगपेटी उघडणे हा गुन्हाच समजावा. मधमाश्यांची पोळी लटकलेल्या कड्याखाली तासभर ठाण मांडणेही शहाणपणाचे नाही. तीस-चाळीस जणांच्या गटाला एका माणसाने आपल्या वॉशसाठी खोळंबून ठेवणे तर असभ्यच. म्हणून पुस्तिकेत सांगितलेली रीत थांब्यांपुरतीच आहे : चहाचा थांबा, पायथ्याचा मुक्काम, माथ्यावरचा अर्धा तास, गटातला शेवटचा माणूस पोचेपर्यंतचा वेळ. पोस्टकार्डाएवढा कागद, तीन-चार रंग, एक गोल ब्रश. याहून मोठा कागद हवा असेल त्याने चढाई सोडून लँडस्केपला जावे, तेही सुंदरच काम आहे. मिलिंद मुळीक यांच्यासारख्या जलरंगकारांच्या पुस्तकांनी त्या वाटेवर मराठी माणसाला भरपूर सोबत दिली आहे, आणि ही पुस्तिका त्यांची जागा घ्यायला बसलेली नाही.

छोट्या कागदाचे आणखी एक कारण आपली हवा हे आहे. सह्याद्रीत आषाढात वॉश अर्धा तास वाळत नाही, पानावर पान ठेवले की चिकटते. विदर्भात मार्चनंतर उलटी तऱ्हा, ब्रश कागदाच्या उजव्या टोकाला पोचेपर्यंत डावी कड वाळून करकरीत रेघ पडलेली. ओल्यात ओले काम करण्याची जी लडिवाळ तंत्रे बाहेरच्या पुस्तकांत असतात ती थंड आणि दमट हवेत घडलेली आहेत, ती इथे जशीच्या तशी चालत नाहीत, आणि मग शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. त्याने पारा पाहावा. नागपुरात मे महिन्यात तो ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा चढाईही करू नये आणि चित्रही काढू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला हंगाम. हातकागदही वापरून पाहावा. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तो करते आहे. त्याचा पोत खडकाला शोभतो, फक्त पाणी फार पिणारा असेल तर रंग विझल्यासारखा दिसतो, हे आधी घरी तपासून घ्यावे.

पाण्याविषयी एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. किल्ल्यावरच्या टाक्यात ब्रश धुऊ नये, कधीही. ती टाकी शेकडो वर्षांपूर्वी कातळात खोदली ती पिण्याच्या पाण्यासाठी, आणि आजही गुराखी आणि चढणारे त्यांच्यावर अवलंबून असतात. काही रंगांत कॅडमियम आणि कोबाल्टसारखी विषारी धातुद्रव्ये असतात. मेळघाट आणि सातपुडा हे दोन्ही व्याघ्र प्रकल्प आहेत, तिथे तर परवानगीच्या वाटेबाहेर जाऊन चांगला कोन शोधण्याचा मोहही आवरावा. अर्धी वाटी पाणी पुरते. गढूळ झालेले पाणी बाटलीत भरून खाली आणावे. कुणाला हे अतिरेकी वाटेल. त्याने त्या टाक्यातले पाणी पिऊन दाखवावे.

राहिला तो आक्षेप जो मोठ्याने कुणी घेत नाही : आम्हाला चित्र येत नाही. त्यासाठीच पुस्तिकेतला पहिला सराव कुठल्याही डोंगरावर ठेवलेला नाही. मिहानमध्ये किंवा आसपास कुठेतरी इमारतीचा पाया खोदलेला असतो. कुंपणाबाहेरून, रस्त्याच्या कडेने, जिथून खड्ड्याची उभी बाजू दिसते तिथे उभे राहावे. वर काळी माती, तिच्यात उन्हाने पडलेल्या भेगा. खाली पिवळट तपकिरी मुरूम, म्हणजे अर्धवट कुजलेला खडक. आणि सर्वांत खाली तोच काळा पाषाण जो पुढे पश्चिमेला कळसूबाईच्या रूपाने १६४६ मीटर वर उठतो. तीन पट्टे, तीन छटा, एकही त्रिकोण नाही. आधी मुरुमाचा फिका वॉश पूर्ण कागदावर, तो वाळू द्यावा. मग खालचा खडक. काळी माती सर्वांत शेवटी, आणि तिच्या वरच्या काठावर उन्हाची एक अरुंद पट्टी कोरी सोडावी. डिसेंबरच्या सकाळी पहिला थर वाळायला पाच-सात मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात मुरूम नेमका कुठे संपतो आणि खडक कुठे सुरू होतो ते पाहत राहावे. ती रेघ सरळ नसते.

मिहान, नागपूर